आउटडोअरवरची चादर

जुळे सोलापुरात आमचं घर वरच्या मजल्यावर. इतकी वर्षं कूलरवर भागलं. इथली हवा कोरडी, ताट्यांतलं पाणी झरझर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण मे महिन्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत भाजत राहतो, तेव्हा कूलर हात टेकतो. म्हणून यंदा दीड टनाचा एसी घेतला.

पहिला आठवडा झकास. नंतर दुपारी दोन वाजले की एसीचा नुसता पंखा व्हायचा. मेकॅनिक आला, "गॅस कमी झालाय ओ," म्हणाला, बावीसशे घेतले. रात्री गारेगार, दुसऱ्या दुपारी तेच. पुन्हा तो, पुन्हा बावीसशे.

शेवटी आयटीआयमधून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांना बोलावलं. ऐकूनच ते भडकले. "गॅस म्हणजे पेट्रोल आहे का बे, जळून संपायला? बंद नळीत फिरतो तो. कमी झाला तर कुठंतरी गळायला पाहिजे." तांब्याच्या पाइपच्या दोन्ही नटांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. मग थर्मामीटर धरला: इनडोअरमध्ये, म्हणजे खोलीतल्या युनिटमध्ये, जाणारी हवा ३३, बाहेर पडणारी २७. किमान दहाचा तरी फरक हवा.

बाल्कनीत गेले आणि कपाळाला हात लावला. आउटडोअरवर, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटवर, आमची जुनी सोलापुरी चादर, पार पंख्यासमोर लोंबत. आईनं टाकलेली, "मशीनला ऊन लागतंय" म्हणून.

"एसी थंडी तयार करत नाही, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो," काका म्हणाले. आतल्या कॉइलमध्ये गॅस सात-आठ अंशांनाच उकळतो, म्हणून खोलीची उष्णता त्यात शिरते. बाहेर हवा ४३ अंश. उष्णता तिच्यात जायची तर गॅस तिच्याहून तापलेला पाहिजे. म्हणून कॉम्प्रेसर त्याला दाबून पन्नाशीपार नेतो. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता उचलायची ताकद, म्हणजे दीड टनात आमच्या खोलीतले सव्वापाच, वर कॉम्प्रेसर खातो ती वीज. तीन गीझर चादरीत गुंडाळल्यासारखंच. फेकलेली गरम हवा चादरीला थडकून मागनं परत आत ओढली जात होती. रात्री बाहेरचंच तापमान उतरायचं, म्हणून तेवढं चालायचं.

चादर काढली. वीस मिनिटांत इनडोअरमध्ये जाणारी हवा ३१, बाहेर पडणारी १९.

आणि मेकॅनिक? तो दर वेळी चादर काढून काम करायचा आणि जाताना नीट घडी मोडून परत टाकायचा! "दोनदा खरंच भरला असता तर जास्तीच्या गॅसनं मशीन कधीच बोंबललं असतं," काका म्हणाले. म्हणजे चव्वेचाळीसशे कशाचे, ते समजून घ्या.

आता आउटडोअरच्या दीड फूट वर पत्रा ठोकलाय, चारी बाजू मोकळ्या. गच्चीला चुना मारला. चादर आई रात्री अंगावर घेते. २६ वर ठेवला तरी पहाटे थंडी वाजते म्हणे.