पिंगळा की रानपिंगळा: छायाचित्रांच्या छाननीची नोंद

लहान घुबडांच्या माझ्या संग्रहाची फेरतपासणी आता सातपुड्यातील छायाचित्रांपर्यंत आली आहे. त्या पट्ट्यात पिंगळा, जंगली पिंगळा आणि रानपिंगळा हे तिघेही आढळत असल्याने हा कप्पा सर्वांत किचकट आहे. जंगली पिंगळा चटकन बाजूला काढता येतो, कारण त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके नसून बारीक आडव्या रेघा असतात आणि पंखांवर तांबूस झाक दिसते. खरा प्रश्न उरलेल्या दोघांचा आहे.

पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात, तर रानपिंगळ्याचे डोके गडद करड्या-तपकिरी रंगाचे आणि जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. त्यामुळे ओळख पटवताना नजर आधी डोक्यावर जाते. पक्षी प्रत्यक्ष समोर असताना ते योग्यच आहे. छायाचित्रात मात्र नेमकी हीच खूण सर्वांत आधी बिघडते. ठिपके बारीक असतात, अंतर वाढले की ते मोजक्या पिक्सेलमध्ये कोंबले जातात आणि कॅमेरा किंवा फोन नॉइज (चित्रातला रवाळपणा) कमी करू लागला की पुसलेही जातात. दुपारच्या उन्हात माथा उजळून निघाला किंवा आभाळासमोर पक्षी काळवंडला, तरी परिणाम तोच होतो. शिवाय पिसे झिजलेल्या पिंगळ्याचे ठिपके मुळातच अंधुक झालेले असतात. म्हणून ‘ठिपके दिसत नाहीत’ आणि ‘ठिपके नाहीत’ या दोन गोष्टी मी आता वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवतो.

या फेरीत मी तपासणीचा क्रमच उलटा केला असून, आधी छाती आणि पोट, मग कुशी, पाय व शेपूट, आणि माथा सर्वांत शेवटी असा तो ठेवला आहे. रानपिंगळ्याच्या छातीवर तपकिरी रंग बराचसा सलग पसरलेला असतो, पोटाचा मधला व खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो आणि कुशींवर रुंद, गडद आडवे पट्टे असतात. पिंगळ्याच्या अंगावर तपकिरी ठिपक्यांच्या तुटक ओळी पोटाच्या मध्यापर्यंत येतात. हे रंगाचे मोठे भाग असल्याने साधारण दर्जाच्या छायाचित्रातही ते टिकून राहतात. रानपिंगळ्याचे पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. फांदी आड येत नसेल तर ही खूण मला फार भरवशाची वाटते. डोके आणि चोच मोठी असणे हेही लक्षण आहे, पण कॅमेऱ्याच्या कोनानुसार ते फसवते. रानपिंगळा 23 सेंटिमीटर आणि पिंगळा 21 सेंटिमीटर एवढाच लांबीतला फरक तर छायाचित्रावरून सांगणे अशक्यच आहे.

एका छायाचित्राने बराच वेळ घेतला. सागाच्या निष्पर्ण फांदीवर पक्षी तिरका बसलेला, माथा पूर्ण सावलीत आणि एकसारखा तपकिरी. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमध्ये) सावलीचा भाग उजळवल्यावर कपाळावर, डोळ्याच्या अगदी वर, बारीक फिकट ठिपक्यांची रांग दिसली. पण रानपिंगळ्याच्या कपाळावरही अस्पष्ट ठिपके असू शकतात, म्हणून तेवढ्यावर निर्णय घेतला नाही. निर्णय कुशीने दिला. तिथे रुंद पट्टे नव्हते, तुटक डाग होते आणि ते पोटाकडे वळत होते. मानेमागच्या पांढऱ्या पट्ट्याचा एक तुकडाही खांद्याजवळ स्पष्ट होता. पक्षी पिंगळाच होता.

एवढी कसोशी आवश्यक आहे, कारण रानपिंगळ्याच्या बाबतीत एका खोट्या नोंदीने मोठे नुकसान केले आहे. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ अ‍ॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि 1884 नंतर त्याची खात्रीशीर नोंद उरली नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला जुनाच नमुना होता, आणि त्याच्या चिठ्ठीवरचे ठिकाण शोधकांना चुकीच्या जागी नेत होते. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले, ती नोंद बाजूला सारली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा शोधला. पुढे 2014 मध्ये तो मुंबईच्या उत्तरेकडील तानसा अभयारण्यातही आढळला. त्यामुळे ‘इथे रानपिंगळा असूच शकत नाही’ किंवा ‘इथे तोच असणार’ अशा गृहीतकावर शिक्का मारणे मला मान्य नाही. ठिकाण हा आधार असू शकतो, पुरावा नव्हे.

पाठमोऱ्या पक्ष्यांची छायाचित्रे अजून अनिर्णित ठेवली आहेत. त्यांत छाती-पोट दिसत नसल्याने सगळा भार शेपटीवर येतो. रानपिंगळ्याच्या शेपटीवर रुंद गडद-पांढरे पट्टे असतात आणि टोक पांढरे असते, पण शेपूट मिटलेली असली की पट्ट्यांची रुंदी ठरवणे कठीण जाते. ओळख पक्की असलेल्या पक्ष्यांच्या मिटलेल्या शेपट्या एकत्र ठेवून ही छायाचित्रे ताडून पाहण्याचे काम सुरू आहे. ज्यांना असा पक्षी दिसेल त्यांनी आवाज वाजवून त्याला बोलावू नये, छायाचित्र इतरांना देताना फाइलमधील अचूक स्थान काढून टाकावे, आणि शक्य असल्यास काही सेकंदांचे चलचित्रही घ्यावे. रानपिंगळा शेपूट झपाट्याने डावी-उजवीकडे हलवतो आणि स्थिर छायाचित्रात ती हालचाल उतरत नाही.