नोंद ६ : आंधळा केलेला डिटेक्टर

क्वांटम किल्ली-वाटपात अॅलिस फोटॉनांच्या ध्रुवणातून बॉबला गुप्त किल्लीचे बिट पाठवते आणि ईव्ह ते मधल्यामध्ये चोरून वाचू पाहते. मागच्या नोंदीत ईव्हने प्रत्येक प्रकाशस्पंद मध्येच मोजून पुढे पाठवला, तेव्हा बीबी८४ या किल्ली-वाटप पद्धतीचा त्रुटीदर २५ टक्क्यांच्या आसपास गेला आणि ती लगेच पकडली गेली. या वेळी तिला हाती लागू न देणारा हल्ला मांडून पाहिला. लिडरसन, मकारोव आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बाजारात मिळणाऱ्या दोन यंत्रणांवर तो करून दाखवला होता. बॉबच्या डिटेक्टरवर, म्हणजे एकेक फोटॉन टिपणाऱ्या अव्हलांच फोटोडायोडवर, सतत प्रखर प्रकाश टाकला की तो एकेक फोटॉन टिपण्याचे सोडून साध्या प्रकाशमापकासारखा वागतो आणि ठरावीक उंबरठा ओलांडणारा स्पंद आला तरच क्लिक देतो. मग ईव्ह आपण मोजलेले उत्तर तशाच प्रखर स्पंदातून बॉबकडे पाठवते.

एकल-फोटॉन डिटेक्टर माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. पण आंधळा झालेला डिटेक्टर म्हणजे साधा फोटोडायोडच असल्यामुळे नेमका हाच हल्ला घरच्या मेजावर खराखुरा करता येतो. लाल लेसर, सर्वो मोटरवर बसवलेली, ध्रुवणाची दिशा फिरवणारी अर्धतरंग पट्टी, ध्रुवणानुसार प्रकाश विभागणारा घन आणि त्यामागे दोन फोटोडायोड, एवढीच मांडणी आहे. डायोड वाचणाऱ्या आर्डुइनो या छोट्या नियंत्रक-बोर्डावर उंबरठा ६०० ठेवला. बॉबचा आधार (ध्रुवण मोजण्यासाठी निवडलेल्या दिशांची जोडी) ईव्हच्या आधाराशी जुळला की एका डायोडवर सुमारे ८४० वाचन येते. न जुळल्यास प्रकाश निम्मा-निम्मा होऊन दोन्हींवर ४१५ च्या आसपास राहतो आणि एकही क्लिक होत नाही. चुकीचे उत्तर नोंदलेच जात नसल्याने त्रुटीदर दोन टक्क्यांच्या आतच राहिला, म्हणजे ईव्ह नसताना होता तेवढाच. (हे आकडे रात्रीचे आहेत, दिवसा शेजारचे यंत्रमाग सुरू असले की घन हलतो आणि हाच दर सहापर्यंत जातो. सोलापुरात प्रकाशशास्त्र करायचे तर मागांच्या वेळा पाळाव्या लागतात!)

निम्मे स्पंद वाया जातात, हे बॉबला खटकायला नको का? खटकत नाही, कारण किलोमीटरला ०.२ डेसिबल घट धरली तर ५० किलोमीटरच्या तंतूतून मुळातच दहातला एकच फोटॉन पोहोचतो, आणि ईव्ह अॅलिसच्या शेजारी बसून मोजत असेल तर तिची तूट त्या घटीत सहज दडते.

उपाय म्हणून डायोडच्या सरासरी प्रवाहावर पहारा बसवला. प्रखर प्रकाश येताच तो वाढला आणि इशारा मिळाला. तरीही ही ठिगळपट्टीच वाटते, कारण ती माहीत असलेल्या एकाच वाटेवर उभी आहे. लो, कर्टी आणि ची यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मोजणीच त्रयस्थाकडे सोपवलेली असते आणि तो शत्रू असला तरी किल्ली सुरक्षित राहते. त्यासाठी दोन स्वतंत्र लेसरांतील फोटॉनांचे व्यतिकरण लागते, ते या मेजावर शक्य नाही. म्हणून पुढची नोंद पायथॉनमधील सिम्युलेशनची असेल.