माळावरची कवटी: लांडगा की कुत्रा?

सुप्याच्या बाजूला, मयूरेश्वर अभयारण्याच्या हद्दीबाहेर एक गायरान आहे. फेब्रुवारीत मैत्रिणीबरोबर तिथे धाविक बघायला गेले होते. पक्षी काही दिसला नाही. बाभळीच्या बुंध्याशी पांढरं काहीतरी चमकलं म्हणून जवळ गेले, तर कवटी. लांबुडकं नाकाड, एक जाड सुळा शाबूत, खालचा जबडा गायब. पाहताक्षणी ‘लांडगा!’ असं वाटलं. खरं सांगायचं तर मला तो लांडगाच हवा होता.

मेंढरं घेऊन चाललेले एक बाबा थांबले. काठीच्या टोकानं कवटी उलटी करून म्हणाले, “लांडगाच हाय त्यो, ताई. औंदा दोन कोकरं नेली आमची.” झालं, शिक्कामोर्तब! मी पिशवी काढली, तर मैत्रिणीनं हात धरला. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. त्याच्या कलम 39 प्रमाणे मेलेल्या वन्यप्राण्याची हाडं, कवटी, शिंगं ही सरकारी मालमत्ता. ताब्यात आली तर 48 तासांच्या आत कळवावं लागतं, आणि दिवाणखान्यात मांडायला तर नाहीच नाही. गळून पडलेलं सांबराचं शिंगसुद्धा यात येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कवटी तिथेच ठेवली, फोटो काढले आणि वनरक्षकांना फोन करून जागा कळवली.

ते फोटो पुढे कुचकामी ठरले. मापासाठी शेजारी पेन ठेवलं होतं, पण पेन किती लांब, कुणास ठाऊक! शिवाय मोबाइल अगदी जवळ नेऊन काढल्यामुळे नाकाड फुगून भलतंच मोठं दिसत होतं. दुसऱ्या रविवारी पट्टी घेऊन पुन्हा गेले. या वेळी चार पावलं मागे उभं राहून, झूम करून, वरून, खालून, बाजूनं, समोरून आणि मागून असे पाच फोटो घेतले. पट्टी कवटीच्याच उंचीवर यावी म्हणून खाली दगड लावला.

मग दात मोजले. बरेचसे गळालेले होते, पण खोबणी राहतात, त्या मोजायच्या. वरच्या जबड्यात एका बाजूला 3 पटाशीचे, 1 सुळा, 4 उपदाढा, 2 दाढा. दोन्ही बाजू मिळून 20. बिबट्याला वर 16 आणि तरसाला 18 असतात, म्हणजे ते दोघे बाद. रानकुत्र्याला कुत्र्यापेक्षा दोन दात कमी, पण ते खालच्या जबड्यात! तो जबडाच नव्हता. रानकुत्रा जंगलातला, या उघड्या माळावर यायचा नाही, एवढ्यावर त्याला सोडलं. उरले लांडगा, कोल्हा, खोकड आणि गावातलं कुत्रं. चौघांचेही दात 42. इथे मोजदाद संपली.

लांबी भरली 18.4 सेंटिमीटर. खोकडाची कवटी याहून पुष्कळ लहान असते, आणि कोल्ह्याचीही एवढी भरत नाही. प्रौढ लांडग्याची सहसा वीसच्या पुढे जाते. माझी आशा मात्र चिवट: पिल्लू असेल तर? पण सुळ्याचं टोक झिजून बोथट झालेलं, आणि कवटीच्या तळाची हाडं पक्की सांधलेली. म्हणजे जनावर पूर्ण वाढलेलं होतं.

वाचनात आलं होतं की डोळ्याच्या खोबणीचा कोन लांडग्यात 40 ते 45 अंश आणि कुत्र्यात 53 ते 60 अंश असतो. फोटोवर कोनमापक ठेवून पाहिलं तर 51. तीनदा मोजलं, तीनदा वेगळं आलं. घरगुती मोजमापाच्या भरवशावर हे करू नये, असं माझं मत झालं.

शेवटी एका महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंकडे गेले. त्यांनी वरून काढलेला फोटो बाजूला सारला आणि तळाचा मागितला. कानाच्या भोकाखाली हाडाचे दोन फुगे असतात. लांडग्यात ते मोठे, गोल, टपोरे. कुत्र्यात लहान आणि दबलेले. बाईंनी विभागातल्या कपाटातून कुत्र्याची कवटी काढून माझ्या हातात दिली. अंगठा फिरवल्यावर जे लागलं ते हुबेहूब माझ्या फोटोतलं होतं. कपाळाचा चढही बघ, म्हणाल्या. पण गावठी कुत्र्यात तो इतका कमी असतो की त्याच्यावर विसंबू नये, असंही त्यांनीच सांगितलं.

वहीत मी ‘कुत्रा’ लिहिलं. बाईंनी पुढे ‘बहुतेक’ लिहायला लावलं. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलं आहे, आणि तसलं जनावर नुसत्या कवटीवरून छातीठोकपणे ओळखता येत नाही. वनरक्षकांना कळवलं. “कुत्रं असंल तर राहू द्या तिथंच,” एवढंच ते म्हणाले. बाबांना सांगायचा धीर मात्र झाला नाही. त्यांची कोकरं तर खरीच गेली होती.

दिवाळीत पुन्हा त्या बाजूला गेले. पावसानं कवटी हातभर सरकली होती, आणि भुवईच्या कडेला फेब्रुवारीत नसलेल्या खाचा होत्या: सपाट तळाच्या, शेजारी शेजारी, एकसारख्या. पट्टी या खेपेला खिशातच होती. एकेक खाच जवळपास चार मिलिमीटर रुंद. उंदराचे दात एवढे रुंद नसतात. फोटो पाठवला, तर बाईंचं एका शब्दात उत्तर आलं, “सायाळ.” दात झिजवायला आणि कॅल्शियमसाठी ती हाडं कुरतडते. पुढच्या खेपेला तिचं बीळ शोधायचं आहे.