परक्या घरची चादर

दुपारी दोरीवरच्या चादरी काढल्या आणि घड्या घालायला उभी राहिले. डबलबेडची चादर एकटीने घडी घालायची म्हणजे मधला भाग हनुवटीखाली धरायचा, हात जातील तेवढे लांबवायचे, आणि टोक जमिनीला लागलं की पुन्हा पहिल्यापासून. हनुवटी अडकलेली असताना बोलता येत नाही, त्यामुळे मन भलतीकडे जातं. आज ते मेलबर्नला गेलं.

कोविडच्या आधीची गोष्ट. लेक तिकडे शिकत होती आणि मैत्रिणींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होती. तिथे आम्हा दोघांना पाठ टेकायलाही जागा नव्हती. म्हणून तिने आमची सोय सेंट किल्डाला केली, फिट्झरॉय स्ट्रीटवरच्या ‘हॉटेल टोलार्नो’त. सेंट किल्डा हे समुद्रकाठचं उपनगर. श्रीमंतांच्या हवेल्या, मग पडता काळ, मग चित्रकार-गवयांची वस्ती, मग पुन्हा महागाई, असं सगळं पाहून झालेलं. त्याच रस्त्यावर १८५७ सालचं रेल्वे स्टेशन आहे. ‘आपलं बोरीबंदर-ठाणे १८५३ चं,’ नवऱ्याने लगेच हिशेब मांडला आणि त्या दिवसापुरता तो खूश झाला. तिथली आगगाडी १९८७ मध्ये बंद झाली. आता रुळांच्या त्याच वाटेने ९६ नंबरची ट्राम शहरातून येते.

हॉटेल लहानसं, जुनं. एक खोली दुसरीसारखी नाही, भिंतींवर खरीखुरी चित्रं. नवऱ्याने शिरल्या शिरल्या नळ सोडून गरम पाणी किती वेळात येतं ते पाहिलं. मी खिडकी उघडते का ते पाहिलं. मग बॅगेतला चिवडा काढला. ऑस्ट्रेलियात उतरताना जवळ खाण्याचं काहीही असलं तर ते आधी जाहीर करावं लागतं. तिथल्या अधिकाऱ्याने मेतकुटाची पुडी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली होती आणि शेवटी, बहुधा कंटाळून, परत दिली होती.

सकाळी उठले आणि सवयीने अंथरूण आवरलं. चादर ताणून बसवली, पांघरुणाची चार पदरी घडी पायाशी ठेवली, उशा थोपटून एकावर एक रचल्या. बाथरूममधलं पाणी पुसून घेतलं. बेसिनवरचा केस काढला. नवरा म्हणाला, ‘अगं, आपण पैसे दिलेत.’ तो हे प्रत्येक हॉटेलात म्हणतो आणि स्वतः ओला टॉवेल नीट पसरून वाळत घालतो.

याचं मूळ दादरला आहे. माझी आत्या तिथे चाळीत राहायची. एक खोली, पुढे सामाईक गॅलरी. मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून जायचो. रात्री जमिनीवर एका रांगेत गाद्या पडायच्या आणि आम्ही पोरं आडवी झोपायचो, म्हणजे एका गादीत जास्त मावतात. पहाटे नळाला पाणी यायचं. त्या आवाजाच्याही आधी आईचा हात दंडाला लागायचा. ‘ऊठ. आत्याबाई उठायच्या आत आवरून टाकू.’ अंधारात, कुजबुजत, आम्ही सोलापुरी चादरीची टोकं जुळवायचो. कोपरे जुळले नाहीत तर आई ती पुन्हा झटकायला लावायची. वळकट्या कॉटखाली गेल्या की खोली अशी दिसायची, जणू रात्री तिथे कुणी नव्हतंच. आत्या बिचारी रोज म्हणायची, ‘वहिनी, कशाला गं, मी काढलं असतं.’ आणि आई रोज म्हणायची, ‘असू दे हो.’ निघायच्या दिवशी दोघींची भांडण वाटावं अशी झटापट व्हायची. आत्या माझ्या फ्रॉकच्या खिशात नोट कोंबायची, आई ती काढून आत्याच्या मुलाच्या हातात द्यायची. नोट शेवटी कुणाकडे राहिली ते मला कधीच कळलं नाही.

तर टोलार्नोत दुसऱ्या दिवशी सफाईला आलेली मुलगी दारातच थबकली. तिला वाटलं, रात्री इथे कुणी झोपलंच नाही. ती नेपाळची होती. आमचे चेहरे पाहून हिंदीत बोलू लागली. ‘दीदी, तुम्ही कितीही चांगलं केलं तरी आम्हाला सगळं उचकटून नवीन घालावं लागतं.’ मग हसून म्हणाली, ‘माझी आई आली तर हेच करेल.’ त्यानंतरही मी रोज घडी घातली. ती रोज उचकटत असणार.

संध्याकाळी लेक आम्हाला धक्क्यावर घेऊन जायची. १९५६ च्या ऑलिम्पिकमधल्या शिडाच्या शर्यतींसाठी तिथे दगडी बांध घातला. शर्यती झाल्या, लोक गेले, आणि पुढे त्या दगडांच्या फटींत पेंग्विन येऊन राहिले. फूटभर उंचीचे, निळसर. अंधार पडला की समुद्रातून घरी परततात. स्वयंसेवक लाल दिव्यांच्या मंद उजेडात ते दाखवत होते. राणीच्या बागेतले पेंग्विन आम्ही रांग लावून पाहिले होते. इथे तिकीटही नाही म्हटल्यावर नवऱ्याला ते जरा कमी अस्सल वाटले.

टोलार्नोबद्दल लेकीनेच सांगितलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर मिर्का मोरा ही चित्रकार आणि तिचा नवरा जॉर्ज यांनी ते घेतलं. खाली खानावळ चालवली, १९६७ मध्ये कलादालन काढलं. खानावळीच्या भिंती मिर्काने स्वतः रंगवल्या. मोठ्या डोळ्यांची मुलं, पंख फुटलेले, अर्धे माणूस अर्धे पाखरू असे जीव. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनातही तिचं मोठं भित्तिचित्र आहे. आम्ही त्याच्यासमोरून दोनदा न बघता गेलो होतो. तिथे सगळेच घाईत असतात.

मिर्का मूळची पॅरिसची. १९४२ च्या जुलैमध्ये तिथल्या ज्यूंची धरपकड झाली, त्यात ती सापडली. वय १४. आईसोबत तिला पिथिव्हिएच्या छावणीत ठेवलं. तिथून पुढच्या गाड्या आउशवित्झला, नाझींच्या मृत्युछावणीला, जात होत्या. वडिलांनी खटपट करून मायलेकींना सोडवलं आणि युद्ध संपेपर्यंत ते कुटुंब लपून राहिलं. १९५१ मध्ये मिर्का मेलबर्नला आली. २०१८ मध्ये तिथेच वारली.

आपला माग कुणाला लागू नये म्हणून जिला वाढत्या वयात लपावं लागलं, तिने जगाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीच्या भिंती भरून टाकल्या. मला तर कुणी कधी कुठून हाकललेलं नाही. आणि मी पैसे भरलेल्या खोलीत बेसिनवरचा केस उचलते.

लेकीचं आता तिकडेच घर आहे. पाहुण्यांसाठी वेगळी खोलीसुद्धा. मागच्या खेपेला ती सकाळी चहा घेऊन आत आली, तर माझं सगळं आवरून झालेलं.

‘आई, हे हॉटेल नाहीये.’

‘म्हणून तर आवरलं.’

‘हॉटेलातही आवरायचीस.’

यावर मला काही सुचलं नाही. पोळ्यांची कणीक भिजवायची होती.