आमची वाटचाल : काट्यापासून कर्नेलपर्यंत

२०११ साली सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघा मित्रांनी काम सुरू केलं, तेव्हा धंदा साधा होता. कारखान्यांत केबल ओढायची, स्विच बसवायचे, बंद पडलेली लाइन चालू करून द्यायची. साखर कारखान्यांची कामं मिळू लागली आणि त्यातून वजनकाट्यांकडे वळलो. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल पोर्टवर येणारं वजन नेटवर्कवर घ्यायचं, सगळ्या काट्यांच्या नोंदी एका गेटवेत, म्हणजे मध्ये बसवलेल्या छोट्या संगणकात, गोळा करायच्या आणि तिथूनच शेतकऱ्याची पावती छापायची. बाजारातले बोर्ड घेऊन हा गेटवे आम्ही स्वतः बांधला. आजही आम्हाला लोक त्याच्यामुळेच ओळखतात.

ऊसकाट्याच्या कामाला जबाबदारी मोठी असते. आडसाली उसाला शेतकरी दीड वर्ष राबतो आणि त्याच्या पैशाचा हिशेब त्या एका आकड्यावर होतो. त्यात काटामारीचा संशय आपल्याकडे कायम हवेत असतोच. म्हणून आमचं पहिल्यापासूनचं धोरण असं, की गेटवे बंद पडला तर एक वेळ चालेल, पावत्या हाताने करता येतात; पण त्याने खोटा आकडा छापता कामा नये.

एका हंगामाला मोळी पूजनाआधी नव्या बोर्डाची चाचणी चालू होती आणि काट्यावरच्या क्लार्कचा फोन आला. "साहेब, इंडिकेटरवर एक वजन दिसतंय आणि पावतीवर दुसरंच येतंय." टोकन बरोबर, गाडी नंबर बरोबर, वजन मात्र आधी होऊन गेलेल्या कुठल्या तरी गाडीचं! आकडा अगदी खरा वाटावा असा होता. तो क्लार्क दक्ष नसता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आधी सगळ्यांचा संशय आमच्या सॉफ्टवेअरवर गेला, मग डेटाबेसवर. नेटवर्कचं नाव कुणी घेईना, कारण टीसीपीवरून, म्हणजे डेटा न चुकता पोचवण्यासाठीच्या नेटवर्कच्या पद्धतीने, आलेला डेटा बरोबरच असतो असं सगळे धरून चालतात. इथरनेटच्या तारेवरून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे (फ्रेममागे) ३२ बिटांचा सीआरसी, म्हणजे मजकूर बिघडला का ते पकडणारा तपासणीचा आकडा, असतो; वर टीसीपीचा १६ बिटांचा चेकसम, असाच दुसरा आकडा, असतो. एवढ्या तपासणीतून चुकीचं पॅकेट (डेटाचा तुकडा) अॅप्लिकेशनपर्यंत जाईलच कसं?

आम्ही नेटवर्कच्या स्विचवर पोर्ट मिररिंग लावून, म्हणजे जाणाऱ्या डेटाची प्रत दुसऱ्या पोर्टवर काढून, तारेवरचा डेटा वेगळ्या लॅपटॉपवर पकडला आणि त्याच वेळी गेटवेमध्ये टीसीपीडंप हा पॅकेटं नोंदवणारा प्रोग्राम चालू ठेवला. मग तेच पॅकेट दोन्हीकडचं काढून हेक्समध्ये (बाइटच्या आकड्यांत) शेजारी शेजारी ठेवलं. तारेवर वजन बरोबर होतं, गेटवेच्या आत चुकीचं. फरक एकाच पट्ट्यात होता, बरोबर ३२ बाइटचा, आणि तो पट्टा एका जुन्या पॅकेटमधल्या त्याच जागेच्या मजकुराशी अक्षरशः जुळत होता. आमच्या प्रोसेसरची कॅश लाइन, म्हणजे मेमरीतला मजकूर जवळच्या झटपट साठ्यात (कॅशमध्ये) आणायचं एका वेळचं माप, ३२ बाइटचीच. तो पट्टा बघितल्यावर केबल, कनेक्टर, अर्थिंग सगळं बाजूला पडलं. तारेवरच्या गोंधळाने एखाददुसरा बिट उलटतो. जुन्या गाडीचं वजन नेमक्या मापात कापून आणून बसवणं त्याला जमत नाही.

नेटवर्क कार्ड पॅकेट थेट मेमरीत लिहीत होतं, पण प्रोसेसर आपल्या कॅशमधली जुनी प्रत वाचत होता. बोर्डबरोबर आलेल्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) बफर, म्हणजे पॅकेटसाठीची मेमरीतली जागा, कार्डाकडे देताना कॅश साफ केली जायची. कार्डाचं लिहून झाल्यावर मात्र पुन्हा केली जात नव्हती. हा प्रोसेसर अंदाजाने पुढची मेमरी आधीच वाचून ठेवणारा, त्यामुळे मधल्या वेळात जुना मजकूर कॅशमध्ये परत यायचा.

मग चेकसमने का अडवलं नाही? कारण तो कार्डाने आधीच तपासलेला होता, आणि ड्रायव्हर कर्नेलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) सांगत होता की पुन्हा तपासायची गरज नाही. गेटवर वॉचमनने माल तपासून सही केली की आत स्टोअरमध्ये कुणी पोतं उघडून बघत नाही, तसंच. इथटूल या कमांडने रिसीव्ह चेकसम ऑफलोड, म्हणजे येणाऱ्या पॅकेटची ही तपासणी कार्डावर सोपवणं, बंद केल्याबरोबर कर्नेल स्वतः मोजायला लागला. चुकीची पॅकेटं तिथेच गळू लागली, टीसीपी ती परत मागवू लागलं आणि पावत्या बरोबर छापल्या. ड्रायव्हरमधली खरी दुरुस्ती एका ओळीची होती. ती बोर्ड पुरवणाऱ्यांना पाठवली, आणि त्या हंगामाला आमच्याच दुरुस्त ड्रायव्हरवर सगळे काटे चालले.

या कामाने कंपनीची दिशा बदलली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वजनाच्या नोंदीला स्वतःचा सीआरसी लावतो. तो काट्याजवळच्या, सिरियलचा डेटा नेटवर्कवर आणणाऱ्या कन्व्हर्टरमध्येच मोजला जातो आणि पावती छापायच्या आधी पुन्हा तपासला जातो. साधी बेरीज आम्ही मुद्दाम घेतली नाही. टीसीपीचा चेकसम बेरजेचाच असतो, त्यामुळे १६ बिटांचे दोन शब्द आपसांत बदलले तरी त्याला पत्ता लागत नाही. या विषयावर स्टोन आणि पार्ट्रिज या संशोधकांचा २००० सालचा अभ्यास आहे. खऱ्या नेटवर्कवर दर १,१०० ते ३२,००० पॅकेटांमागे एकाचा टीसीपी चेकसम चुकलेला त्यांना सापडला होता, तोही लिंकवरच्या सीआरसीतून पार झालेल्या पॅकेटांमध्ये. बिघाड तारेच्या दोन्ही टोकांना, मशीनच्या आतही होतो, हे त्यातून आम्हाला पटलं.

२०१६ च्या सुरुवातीला लिनक्सच्या व्हीईथ ड्रायव्हरमधला (कंटेनरला नेटवर्क जोडून देणाऱ्या आभासी कार्डाच्या ड्रायव्हरमधला) दोष जाहीर झाला, तेव्हा आमचे पुण्यातले एक ग्राहक कंटेनर, म्हणजे एकाच मशीनवर प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवायची सोय, वापरायला लागले होते. बाहेरून आलेलं, चेकसम चुकलेलं पॅकेटसुद्धा तो ड्रायव्हर तपासलेलं म्हणून कंटेनरमध्ये सोडत होता. कारण वेगळं, पण अॅप्लिकेशनच्या हाती येणारं फळ तेच. त्यांचे कर्नेल आम्हीच तपासून बदलून दिले. त्यानंतर ड्रायव्हर तपासणीची कामं पुण्याहून आणि बेंगळुरूहून येऊ लागली.

आता आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा बोर्ड हंगामाच्या बराच आधी टेबलावर चढतो. ऑफलोड चालू आणि बंद अशा दोन्ही प्रकारे त्यावर पॅकेटांचा मारा केला जातो आणि तारेवरची व आतली नोंद बाइटला बाइट ताडून बघितली जाते. यंदाच्या बोर्डाची कॅश लाइन ६४ बाइटची आहे. त्याची चाचणी सध्या चालू आहे.