नानांचं भिंग

आज नानांना घेऊन गंगापूर रोडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंच होतं. भिंग कुठलं, एवढंच उरलं होतं. दवाखान्यातल्या ताईंनी मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या, भिंगाचा नमुना हातावर ठेवला. मधला गोल जेमतेम ६ मिलिमीटरचा, बाजूला मिशांसारखे वाकडे दोन पाय. उजेडात तिरपं धरलं तर एकात एक बारीक कडी दिसली. सगळी करामत त्या कड्यांच्या पायऱ्यांत! उंची मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची, आणि तिच्यावरच ठरतं की उजेडाचा किती वाटा लांबच्या नजरेला जाणार, किती जवळच्या. थोडा वायाही जातो. म्हणूनच रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. १९४९ साली लंडनमध्ये डॉक्टर हॅरोल्ड रिडलींनी डोळ्यात पहिलं भिंग बसवलं तेव्हा एकाच अंतराचं गणित होतं. आता एकाच गोलात दोन-तीन.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "पिंपळगावला टोमॅटो घालून रात्री गाडी मीच आणतो ना? समोरून ट्रक आला की वलयं बघत बसू का?"

ठरलं, साधंच, एका अंतराचं. माझ्या मते बरोबरच. वाचायला चष्मा लागेल, तर मेन रोडला फ्रेम बघायची. घासाघीस अर्थात नाना करणार.