हडसन्स पडलं त्याआधीची पंधरा वर्षं

डेट्रॉइटला आलेल्या पाहुण्यांना वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर नेलं की सगळे मान वर करून त्या नव्या काचेच्या टॉवरचे फोटो काढतात. 681 फूट उंच, नाव ‘हडसन्स डेट्रॉइट’. पण हे हडसन्स म्हणजे कोण, असं क्वचितच कुणी विचारतं. म्हणून आज त्या जागेवर आधी काय होतं ते लिहिते.

जोसेफ हडसन यांनी 1881 मध्ये डेट्रॉइटमध्ये पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचं दुकान काढलं. पुढे 1911 पासून एकेक भाग जोडत 1946 पर्यंत लाल विटांची एक प्रचंड इमारत उभी राहिली. टॉवर 25 मजली आणि एकूण जागा सुमारे 22 लाख चौरस फूट. डिपार्टमेंट स्टोअर म्हणून अमेरिकेत त्याहून मोठं एकच होतं, न्यूयॉर्कचं मेसीज.

आमच्या शेजारच्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. हडसन्सचा विषय निघाला की त्या कपाटातून टोपीचा एक गोल पुठ्ठ्याचा डबा काढतात. कडा झिजल्यात, झाकणावरची अक्षरं अर्धी पुसली गेलीत, पण आतला पातळ कागद त्यांनी तसाच घडी घालून ठेवलाय. लिफ्टमधल्या हातमोजे घातलेल्या बाई प्रत्येक मजल्यावर काय काय मिळतं ते कशा पुकारायच्या, हे त्या मला अगदी सुरात म्हणून दाखवतात. नाताळात बाराव्या मजल्यावर खेळण्यांचं गावच वसायचं. आणि खरेदी झाली की मॉरिस सॅलड: हॅम, टर्की आणि स्विस चीजच्या बारीक काड्या, गोडसर लोणच्याच्या काकडीचे तुकडे, वर हिरवी ऑलिव्ह. त्या अजूनही घरी करतात.

या आठवणी सगळ्या डेट्रॉइटकरांच्या सारख्या नाहीत, हेही सांगायला हवं. काळ्या गिऱ्हाइकांचे पैसे दुकानाला चालत होते, पण काळ्या माणसांना विक्रीच्या काउंटरवर नोकरी द्यायला दुकानाने फार वर्षं लावली.

घसरण कशी सुरू झाली? मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की सुरुवात खुद्द हडसन्सनेच केली. 1954 मध्ये त्यांनी साउथफील्ड या उपनगरात नॉर्थलँड नावाचं भलंमोठं शॉपिंग सेंटर उघडलं. मोफत पार्किंग, हायवे जवळ. गोरी कुटुंबं शहराबाहेर चाललीच होती, आता खरेदीसाठीही शहरात यायचं कारण उरलं नाही. 1967 मध्ये वंशभेदाच्या रागातून शहरात झालेल्या उद्रेकानंतर हा ओघ आणखी वाढला. 1950 मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या 2000 पर्यंत साडेनऊ लाखांवर आली. डाउनटाउनचं हडसन्स जानेवारी 1983 मध्ये बंद झालं.

मग उरली नुसती इमारत. मालक बदलले, योजना कागदावर राहिल्या. भंगारवाले आत शिरून तांबं-पितळ काढून नेत होते, तळघरांत पाणी साचत होतं. शेवटी ‘आता हिचं काय करणार?’ हा प्रश्न यायचा तेव्हा ‘पाडा’ हे उत्तर ठरलेलंच असायचं. वारसा जपणाऱ्यांनी विरोध केला, पण 24 ऑक्टोबर 1998 च्या संध्याकाळी स्फोटकं लावून इमारत पाडली गेली. स्फोटकांनी पाडलेली तोवरची ती सर्वांत उंच इमारत. धुळीच्या लोटाने डाउनटाउन झाकून गेलं आणि ढिगाऱ्याने शेजारच्या पीपल मूव्हर रेल्वेच्या मार्गाचंही नुकसान झालं. बघायला हजारो लोक जमले होते. आजी गेल्या नाहीत.

‘दुसरा इलाजच नव्हता’ हे मला पटत नाही, कारण पुरावा याच शहरात उभा आहे. बुक कॅडिलॅक हॉटेल 1984 मध्ये बंद पडलं, तेही असंच लुटलं गेलं, आणि 2008 मध्ये पुन्हा उघडलं. मिशिगन सेंट्रल स्टेशन 1988 पासून ओस होतं. 2009 मध्ये तर नगर परिषदेने ते पाडायचा ठराव केला होता. 2018 मध्ये फोर्डने ते विकत घेतलं आणि जून 2024 मध्ये त्याचे दरवाजे लोकांसाठी उघडले. तिथल्या मोठ्या दालनात उभं राहिल्यावर मला हडसन्सचीच हळहळ वाटली. पाडल्यावरही ती जागा काही लगेच वापरात आली नाही. जमिनीखाली पार्किंग झालं, वरचा भाग वर्षानुवर्षं मोकळा राहिला, नव्या बांधकामाची कुदळ पडली डिसेंबर 2017 मध्ये.

तिकडे नॉर्थलँडही 2015 मध्ये बंद झालं.

आता नवा प्रश्न नदीकाठच्या रेनेसान्स सेंटरचा आहे. जनरल मोटर्सने आपलं मुख्यालय तिथून या हडसन्सच्या जागेवरच्या टॉवरमध्ये न्यायचं ठरवलं, आणि 2024 च्या अखेरीला रेनेसान्सचे दोन टॉवर पाडायचा प्रस्ताव पुढे आला. त्याबद्दलच्या बातम्यांत मी आधी चित्रं बघत नाही. मधल्या काळात छप्पर, पाण्याचे पंप आणि पहारा यांचा खर्च कुणाच्या नावावर टाकलाय, ते शोधते.